पालवणकर बंधू आणि हिंदु जिमखान्याचें कप्तानपद

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, करीने, महजर, निवाडे, ताम्रपट आणि खासगी दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक, म्हणजे कोणीं किती धावा केल्या आणि कोणीं कोणास बाद केलें याचें टिपण, या मालिकेंत बसविण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. तथापि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत मुंबईस झालेल्या सामन्यांचे धावफलक जे संग्राहक जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींतून चाळतील, त्यांस एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. हिंदु संघांतील बहुतेक खेळाडूंचें आडनांव पुरतें छापलेलें असून त्यांच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें दिलेलीं असतात, उदाहरणार्थ, एम. डी. पै, डी. बी. देवधर. परंतु चार नांवें मात्र याच्या उलट आहेत. पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल, पी. गणपत. येथें आडनांव एका अक्षरांत गेलें असून व्यक्तिनाम तेवढें पुरतें उरलें आहे. हे चौघे सख्खे भाऊ होते, त्यांचें आडनांव पालवणकर होतें, आणि ते चर्मकार ज्ञातींतील, म्हणजे त्या काळच्या व्यवहाराप्रमाणें अस्पृश्य मानलेल्या कुळांतील होते. वाचणाऱ्यास ते एका घरचे आहेत हेंसुद्धां त्या धावफलकावरून कळूं नये, अशी ही लेखनरीति आहे.

या चार बंधूंची हकीकत आतां अगदींच अज्ञात राहिलेली नाहीं. रामचंद्र गुहा यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ती विस्तारानें सांगितली, आणि तेव्हांपासून वृत्तपत्रांतून तिचे पडसाद अधूनमधून उमटतात. परंतु अशा लेखांचा सूर बहुधा असा असतो कीं, खेळाच्या मैदानावर जातिभेद आपोआप गळून पडतो आणि बाळूंच्या गोलंदाजीनें तो पाडला. प्रस्तुत लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे तें याहून थोडें निराळें आहे. मैदानावर कोणतीही गोष्ट आपोआप गळून पडली नाहीं. स्पर्शाचे निर्बंध एकेक करून, विशिष्ट क्रमानें सुटले. जो निर्बंध ठेवल्यानें सामना हरण्याची भीति होती तो प्रथम सुटला, आणि जो सोडल्यानें अधिकार हातचा जाणार होता तो सर्वांच्या शेवटीं, तोही मागितल्यावांचून नव्हे, सुटला.

प्रथम त्या वेळच्या मुंबईंतील क्रिकेटची घडण कशी होती तें पाहूं. हा खेळ येथें आरंभापासूनच धर्मवार वांटलेला होता. एस्प्लनेडवरील बॉम्बे जिमखाना १८७५ सालीं निघाला तो केवळ युरोपीयांकरितां. त्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनीं गवत उखडावें आणि तेथेंच खेळणाऱ्या एतद्देशीयांनीं अर्जावर अर्ज करावे, हा झगडा पुढें कित्येक वर्षें चालला. शापुरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें १८९७ सालीं पारशी क्रिकेटचा जो वृत्तांत छापला त्याच्या नांवांतच त्यानें या झगड्याचा उल्लेख केला आहे. पुढें गिरगांवच्या पश्चिमेस समुद्रकांठीं जी जागा होती तेथें पारशी, मुसलमान व हिंदु यांस जिमखान्यांकरितां निरनिराळे तुकडे मिळाले. हिंदूंचा परमानंददास जीवनदास जिमखाना १८९४ चा. १८९२ पासून युरोपीय व पारशी यांचे वार्षिक सामने होत. १९०७ सालीं त्यांत हिंदु येऊन तिरंगी, १९१२ सालीं मुसलमान येऊन चौरंगी आणि १९३७ सालीं इतर सर्वांचा एक संघ येऊन पंचरंगी सामने झाले. १९४६ सालीं ते बंद पडले.

यांतील 'हिंदु' या शब्दाकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. जिमखान्याचें नांव हिंदु असलें तरी त्याच्या खालीं जे क्लब होते ते गौड सारस्वतांचा, क्षत्रियांचा, मराठ्यांचा, गुजरात्यांचा असे बहुतांशीं ज्ञातींचे होते. प्रतिस्पर्धी समोर आला म्हणजे हे सर्व मिळून हिंदु होत. मग या हिंदूंत चर्मकाराची गणना करावयाची कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याही धर्मपरिषदेपुढें येण्याच्या आधीं संघ निवडणाऱ्या मंडळीपुढें आला, आणि त्यांस तो टाळतां आला नाहीं. कारण टाळल्यास बळी मिळत नव्हते.

पालवणकरांचें मूळ गांव कोंकणांतील पालवणी. बाळूंचा जन्म धारवाडास झाला, परंतु वडिलांच्या लष्करी खात्यांतील नोकरीमुळें त्यांचें बालपण पुण्यास गेलें. तेथें एका पारशी क्लबांत खेळपट्टी झाडणें व तीवर रूळ फिरविणें या कामावर दरमहा ३ रुपये पगारानें ते लागले. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना जिमखान्यांत गेले. तेथें ४ रुपये मिळूं लागले. जाळें बांधणें, खेळपट्टी तयार करणें आणि साहेबलोकांस सरावासाठीं चेंडू टाकणें हें त्यांचें काम. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नामांकित फलंदाज. आपणांस एकदां बाद केल्यास ते बाळूंस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या सरावांतून जगांतील उत्तम डावखुऱ्या मंदगति गोलंदाजांपैकीं एक तयार झाला हें खरें. मात्र याच हकीकतीचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाहीं. एवढीं वर्षें साहेबांस चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हातीं तेथें कोणीं बॅट दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकरीचें काम, बॅट धरणें हें मालकाचें, अशी ही वांटणी होती. आणि ती करणारे गोरे होते, सोवळे नव्हते. भेदाची बुद्धि एकाच बाजूस असते असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

पुण्याच्या हिंदु क्लबास गोऱ्यांविरुद्ध सामने खेळावयाचे होते, आणि ज्याच्या चेंडूस गोरे भितात असा मनुष्य त्याच गांवांत होता. त्यास घ्यावें कीं नाहीं यावर मतभेद झाला. तेलुगु सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांपैकीं पुष्कळ प्रतिकूल. अखेरीस बाळूंस घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलावा व परत फेंकावा, याला हरकत राहिली नाहीं. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी तंबूंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेई, आणि बाळूंस तो बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून मिळे. हात धुण्याकरितां पाणी आणावयाचें तें त्यांच्यासारख्याच अस्पृश्य गड्यानें. जेवणाचें ताट व मेज वेगळें.

आमचें अध्ययन संस्कृताचें असल्यामुळें या ठिकाणीं थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. चामड्याच्या वस्तूंची शुद्धि वस्त्राप्रमाणें करावी, मातीचें भांडें पुन्हां भाजल्यानें शुद्ध होतें, असे नियम त्यांत आहेत. आणि कारागिराचा हात सदैव शुद्ध समजावा असेंही वचन त्याच प्रकरणांत आहे. त्या वचनाची व्याप्ति टीकाकार आपापल्या परीनें लहानमोठी करतात हें खरें; परंतु वचन आहे. अत्रिस्मृतींत तर देवयात्रा, विवाह, यज्ञ आणि उत्सव या प्रसंगीं स्पर्शास्पर्शाचा दोष मानूं नये असें सांगितलें असून, धर्मनिबंधांच्या वाचकांस तें वचन परिचित आहे. म्हणजे पुण्याच्या मंडळीस ग्रंथाधार हवा असता तर तो सर्वांस एकत्र चहा पाजण्याइतका हातीं होता. त्यांनीं जें केलें त्याला मात्र कोणत्याही ग्रंथांत आधार सांपडणें कठीण. क्रिकेटचा चेंडू गाईच्या चामड्यानें मढविलेला असतो. तो चर्मकाराच्याच व्यवसायांतील वस्तु आहे. गोलंदाज त्यास हातानें पुसतो, वस्त्रावर घासतो, आणि तोच चेंडू क्षणांत यष्टिरक्षकाच्या, क्षेत्ररक्षकांच्या, फलंदाजाच्या हातांतून फिरतो. तें गोचर्म ज्या हातांनीं आनंदानें झेललें, त्याच हातांस चर्मकाराचा पेला चालेना. शिवाय आंतल्या मंडळीचा चिनी पेला हीही अखेर भाजलेली मातीच. आंतली माती धुऊन पुन्हां वापरावयाची आणि बाहेरची फोडून टाकावयाची, एवढाच फरक. शुद्धीचा विचार येथें नव्हताच. कोण आंत आणि कोण बाहेर एवढेंच ठरवावयाचें होतें, आणि चेंडूच्या बाबतींत तें ठरविल्यास सामनाच खेळतां येत नव्हता.

साताऱ्यास तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध जो सामना झाला त्यांत बाळूंनीं सात गडी बाद करून हिंदूंस विजय मिळवून दिला. त्यानंतर पुण्यास त्यांचा गौरव झाला. न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांची जाहीर प्रशंसा केली, आणि लोकमान्य टिळकांनींही त्यांस मान दिला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ज्या दोघांचें सहसा जमत नसे, ते या एका बाबतींत एका बाजूस आले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. अर्थात् गोऱ्यांचा पराभव हें कारण दोघांसही पुरेसें होतें.

१८९६ नंतरच्या प्लेगच्या धामधुमींत पालवणकर कुटुंब मुंबईस आलें. बाळूंनीं कांहीं काळ लष्करांत व पुढें रेल्वेंत नोकरी केली. हिंदु जिमखान्यांत त्यांच्या प्रवेशास येथेंही कांहीं सभासदांचा विरोध झाला. परंतु तत्कालीन कप्तान कीर्तिकर यांनीं आग्रह धरून त्यांस घेतलें. मुंबईच्या हवेंत पुण्यापेक्षां एक फरक पडला तो असा कीं, काळेंकरून येथें चहाच्या भांड्याचा प्रश्न मिटला. १९०६ च्या सुमारास बाळू जिमखान्यांत इतरांबरोबर बसून जेवीत असत. गिरगांवांतील खानावळींत आणि चाळींत जें अजून घडत नव्हतें तें दोन हांकांच्या अंतरावर समुद्रकांठीं घडत होतें.

१९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु व युरोपीय यांचा जो सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला, त्याचे आंकडे येथें देणें अवश्य आहे. हिंदूंच्या पहिल्या डावांत २४२ आणि दुसऱ्यांत १६० धावा झाल्या. युरोपीयांच्या १९१ आणि १०२. हिंदु १०९ धावांनीं जिंकले. बाळूंनीं पहिल्या डावांत ३ व दुसऱ्यांत ५ असे ८ बळी घेतले. त्यांचे बंधू शिवराम हेही या संघांत होते. वंगभंगाच्या चळवळीचें तें वर्ष, तेव्हां या विजयाचा आनंद केवळ खेळापुरता राहिला नाहीं हें उघड आहे. परंतु 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकानें त्यांत आणखी एक अर्थ पाहिला. पुणें, सातारा, मुंबई या क्रमानें बाळूंस जो प्रवेश मिळत गेला तो त्या पत्रास सामन्याच्या निकालापेक्षां महत्त्वाचा वाटला. राष्ट्राचें हित जेथें मागेल तेथें जातीचा विचार न करितां सर्वांस सारखी संधि दिली पाहिजे हा धडा खेळानें दिला असून, तो शिक्षण, समाज व राजकारण या क्षेत्रांतही गिरविला जावा असें त्याचें म्हणणें होतें. त्याच वर्षाच्या १८ ऑक्टोबरला विठ्ठल रामजी शिंदे यांनीं डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिलें आणि परळ भागांत त्याची पहिली शाळा उघडली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध लावण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एकाच शहरांत, आठ महिन्यांच्या अंतरानें, एकीकडे अस्पृश्य मानलेला मनुष्य हिंदूंचा विजयवीर ठरतो आणि दुसरीकडे त्याच वर्गाच्या मुलांस शिकविण्याकरितां वेगळी शाळा काढावी लागते, हें एकत्र वाचल्यावांचून १९०६ ची मुंबई पुरती कळत नाहीं.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं सर्व हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडांत गेला. बाळू व शिवराम दोघेही त्यांत होते. संघ बहुतेक सामने हरला. मात्र बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धावांत ८. लेस्टरशायरविरुद्ध जो विजय मिळाला त्यांत त्यांचे ११ बळी होते, आणि सॉमरसेटविरुद्ध एका गड्यानें जो विजय मिळाला त्यांत शिवराम यांनीं शतक काढलें. परत आल्यावर मुंबईंत अस्पृश्य समाजानें बाळूंचा सत्कार केला. त्या समाजांतील तरुणांपुढें त्या वेळीं स्वपराक्रमानें नांव मिळविलेला असा दुसरा पुरुष क्वचितच असेल.

आतां कप्तानपदाकडे वळूं. चेंडूचा, पेल्याचा, पंक्तीचा निर्बंध गेला तरी एक निर्बंध उरला होता, आणि तो कोठें लिहिलेला नव्हता. १९११ नंतर बाळूंइतका ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू हिंदु संघांत नव्हता. त्यांचे मित्र त्यांचें नांव कप्तानपदासाठीं सुचवीत, आणि निवडणारे दुसऱ्यास नेमीत. १९१३ सालीं तो मान एम. डी. पै यांस मिळाला. पै हे सरळ मनाचे गृहस्थ असले पाहिजेत. कारण सत्काराच्या प्रसंगीं त्यांनींच, हा मान ज्येष्ठत्वानें व अनुभवानें आपले मित्र बाळू यांचा होता, असें जाहीरपणें सांगितलें. यावरून निवडमंडळीस कळत नव्हतें असें म्हणण्याची सोय राहत नाहीं. त्यांनींच नेमलेल्या कप्तानानें त्यांस सांगितलें होतें, आणि त्यानंतर सात वर्षें तें तसेंच चाललें.

१९२० च्या डिसेंबरांतील चौरंगी सामन्यांच्या वेळीं हें प्रकरण उघड्यावर आलें. पै यांस कप्तान नेमलें, आणि बाळूंस संघांतून वगळण्यांत आलें. वय पाहतां वगळण्यास निमित्त होतें. परंतु मुसलमानांविरुद्धच्या पहिल्या सामन्याआधीं पै आजारी पडले, तेव्हां त्यांच्या जागीं ज्येष्ठत्वानें शिवराम किंवा कर्तबगारीनें विठ्ठल यांपैकीं कोणी न येतां पुण्याचे डी. बी. देवधर यांची नेमणूक झाली. देवधर हे पुढें हिंदी क्रिकेटचे भीष्माचार्य ठरले, आणि व्यवसायानें ते संस्कृताचे प्राध्यापक होते. त्यांच्याविषयीं आमच्यासारख्याच्या मनांत आदरच आहे, आणि नेमणूक करणारे ते नव्हेत. परंतु पालवणकरांहून ते संघांत कनिष्ठ होते हें नाकारतां येत नाहीं.

विठ्ठल व शिवराम यांनीं खेळण्याचें नाकारलें, आणि आपलीं कारणें वृत्तपत्रांतून जाहीर पत्रानें मांडलीं. हें पत्र आमच्या मतें या सबंध प्रकरणांतील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. कप्तान निवडावयाचा तो खेळांतील योग्यतेवरून, सामाजिक उच्चपणावरून नव्हे. आमचा हक्क डावलला जातो तो आम्ही अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या वर्गांतील आहोंत म्हणून. आणि स्वाभिमान ठेवून या स्थितींत खेळतां येत नाहीं, असा त्याचा मथितार्थ. यापूर्वीं जें जें पालवणकरांस मिळालें तें दुसऱ्यांनीं दिलेलें होतें. कोणीं आग्रह धरला, कोणीं विरोध सोडला, कोणीं पंक्तीस बोलाविलें. या पत्रांत प्रथमच देण्याघेण्याची भाषा नसून हक्काची भाषा आहे. पोलोच्या घोड्यांविरुद्ध एतद्देशीयांनीं सरकाराकडे जे अर्ज केले त्यांतील युक्तिवाद आणि या पत्रांतील युक्तिवाद शेजारीं ठेवून वाचावे. ज्या सार्वजनिक गोष्टींत आमचा वांटा आहे तींत जन्मावरून आम्हांस मागें कां सारतां, हाच प्रश्न दोहोंत आहे. एवढेंच कीं, पहिला प्रश्न विचारणारे एतद्देशीय क्रीडक आतां दुसरा ऐकणाऱ्यांच्या जागीं बसले होते. त्याच महिन्यांत नागपूरच्या काँग्रेसनें अस्पृश्यतानिवारणाचा पुरस्कार केला, हेंही येथें ध्यानांत ठेवावें.

मुंबईच्या लोकमताचा दाब एवढा आला कीं, पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याआधीं तडजोड करावी लागली. पै बरे होऊन परतले होते. बाळूंस संघांत घेऊन उपकप्तान नेमण्यांत आलें, आणि दोघे बंधूही परत आले. सामना चालू असतां पै कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ हिंदु संघाचें नेतृत्व बाळूंकडे आलें. १९१३ सालीं जें पै तोंडानें बोलले होते तें त्यांनीं असें कृतीनें केलें, असें आम्ही समजतों. सामना अनिर्णीत राहिला. बाळू त्यानंतर चौरंगी सामने खेळले नाहींत. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१, आणि कप्तान म्हणून त्यांच्या नांवावर धावफलकांत एकही सामना नाहीं.

१९२३ सालीं विठ्ठल यांस कप्तान नेमण्यांत आलें. त्या वर्षीं हिंदूंनीं युरोपीयांचा पराभव केला, आणि उच्चवर्णीय प्रेक्षकांनीं विठ्ठल यांस खांद्यावर घेऊन मिरविलें. ते १९२६ पर्यंत कप्तान होते. त्या चार वर्षांत हिंदु तीन वेळां विजयी झाले. १९२६ च्या डिसेंबरांत गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध सी. के. नायडू यांनीं काढलेल्या १५३ धावा आजही सांगितल्या जातात. त्या दिवशीं हिंदूंचे कप्तान विठ्ठल पालवणकर होते हें मात्र सांगणारा क्वचित् भेटतो. तें मैदान बॉम्बे जिमखान्याचें, जेथें कोणत्याही वर्णाच्या हिंदी मनुष्यास त्या काळीं सभासद होतां येत नव्हतें.

बाळूंच्या उत्तरायुष्याबद्दल थोडें लिहिणें भाग आहे, कारण त्यावरून त्यांच्याविषयीं एकांगी मत बनविलें जातें. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या बाजूनें, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूनें होते, आणि पुढें डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली तीही त्यांस मान्य झाली नाहीं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकींत भायखळा-परळ या मतदारसंघांत काँग्रेसनें त्यांस डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. परळ, लालबागच्या गिरण्यांच्या चाळींतून त्या निवडणुकीची धामधूम चालली. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. ज्या तरुण पिढीस बाळूंचें उदाहरण देत वाढविलें होतें, तिनें मत मागण्यास आल्यावर बाळूंपेक्षां आंबेडकरांस पसंत केलें. आमच्या मतें यांत आश्चर्य नाहीं, आणि बाळूंस कमीपणाही नाहीं. बाळूंचा सर्व अनुभव असा होता कीं, हिंदूंच्या घरांत राहून, आपलें काम चोख करून, एकेक दार उघडतां येतें. आणि त्यांच्यापुरतें तें पुष्कळ अंशीं उघडलें होतें. डॉ. आंबेडकर ज्या लोकांविषयीं बोलत होते त्यांच्यापाशीं डाव्या हाताची ती करामत नव्हती, आणि त्यांच्या हातून सुटलेल्या चेंडूवर कोणाचा जयपराजय अवलंबून नव्हता. पेल्याकरितां, पाण्याकरितां, शाळेकरितां त्यांनीं आधीं सात गडी बाद करून दाखवावे असें म्हणणें शक्य नव्हतें. बाळू ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत वारले.

विठ्ठल यांनीं 'माझें क्रीडा-जीवन' या नांवाचें मराठी आत्मवृत्त लिहिलें. तें १९४८ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालें. एका अस्पृश्य मानलेल्या खेळाडूनें मराठींत लिहिलेला हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेंत फारसा येत नाहीं. क्रीडाविषयक पुस्तकें रद्दींत लवकर जातात, हें एक कारण असावें. ज्यांस तो जुन्या पुस्तकांच्या दुकानीं आढळेल त्यांनीं तो सोडूं नये.

संग्राहकांच्या सोयीकरितां एक व्यावहारिक सूचना करून थांबतों. जुन्या इंग्रजी फायलींची सूची करतांना हें घराणें आडनांवाखालीं शोधूं नये. तेथें तें बहुधा सांपडणार नाहीं. बाळू, शिवराम, विठ्ठल, गणपत या चार नांवांखालीं निरनिराळें शोधावें, आणि त्यांमागें 'पी' हें एक अक्षर आहे कीं नाहीं तें पाहावें. बाळू हें नांव रोमन लिपींत दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें, तेव्हां दोन्ही रूपें तपासावीं. सूची करणाऱ्यांनीं त्या प्रत्येक नोंदीपुढें 'पालवणकर' हें आडनांव पुरतें लिहावें.